न कापलेली चार मिनिटं

धाकट्या दिराचा सिनेमा घरातल्या प्रत्येकाने एकेकदा पाहिला होता, तोही तो शेजारी बसून प्रत्येकाचं तोंड निरखत होता म्हणून. वहिनीला मात्र तो पुन्हा पुन्हा पाहावा लागला, कारण परदेशी वाहिनीला पाठवण्याआधी तिकडच्या प्रक्षेपणाला जुळवून द्यायचं काम ती नोकरी करायची त्याच स्टुडिओकडे आलं. एक बाई निघून गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते, एवढीच गोष्ट. ती खिडकीत वाट पाहते, जिन्यात वाट पाहते, ओट्याशी उभी राहून वाट पाहते. तिसऱ्यांदा पाहताना वहिनीला वाटलं, गेला ते बरंच केलं त्याने. निदान एक जण तरी सुटला.

काम तसं सरळ होतं. सिनेमा काढलेला सेकंदाला चोवीस चित्रं या हिशेबाने, आणि त्या देशात टीव्ही चालतो सेकंदाला पंचवीस चित्रांवर. मग जास्तीचं चित्र आणायचं कुठून? तर आणायचंच नाही. आहेत तीच चित्रं जरा भरभर दाखवायची. त्याने आवाज थोडा चिरका होतो, तो खाली उतरवून जागेवर आणायचा. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत उरकतो, एवढाच फरक; आणि या सिनेमाच्या बाबतीत तर वहिनीला ते पुण्याचं काम वाटलं होतं.

सिनेमा तिकडे लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दीर स्टुडिओत येऊन उभा राहिला. मशीनची खोली थंड ठेवावी लागते, म्हणून तिथे सगळे स्वेटर घालून बसत. हा गळ्याची दोन बटणं उघडी टाकून आला होता आणि रागाने की थंडीने कोण जाणे, थरथरत होता.

"वहिनी, माझा सिनेमा कापला त्यांनी. चार मिनिटं गायब आहेत."

"कापला नाही, भाऊजी. पळवलाय. आणि तो मीच पळवलाय."

मग तिने त्याला दोन पडद्यांवर दोन्ही सिनेमे शेजारी शेजारी लावून दाखवले. इकडे बाई खिडकीत, तिकडे बाई खिडकीत. इकडे बाई जिन्यात, तिकडची जरा आधी जिन्यात. पोराला बूट घालायला शिकवावं तसं तिने सगळं समजावलं. सिनेमे काढणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं याचं तिला नवल वाटलं नाही. त्याला काय काय माहीत नव्हतं याची तिला लग्नापासून कल्पना होती.

"म्हणजे एकही चित्र कमी नाही?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

तो खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "पण मी सकाळीच बोललोय."

"कोणाशी?"

"पेपरवाल्यांशी."

आता 'चुकलो' म्हणायला काही फार लागत नाही. पण संध्याकाळपर्यंत त्याला इतके फोन आले, की तो शब्द मागेच पडला. उलट दुसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "तसं बघायला गेलं तर वेळ कमी करणं म्हणजेही कापणंच." सासूबाईंनी मान डोलावली. वहिनीने भाजी वाढली.

आणि मग जे सुरू झालं त्याला शेंडा ना बुडखा. परदेशी कात्रीच्या निषेधाची सभा झाली. निवेदनावर सह्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक सिनेमा न पाहिलेल्यांच्या. ज्या समीक्षकाने आधी 'सिनेमा निष्कारण लांबलाय' असं लिहिलं होतं, त्यानेच आता लिहिलं की ती चार मिनिटं म्हणजे या सिनेमाचा प्राण होता. ती नेमकी कोणती, हे त्याने लिहिलं नाही आणि त्याला कोणी विचारलंही नाही.

वहिनीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. वर खाली करणाऱ्या गोष्टींची त्याला सवय होती. तो म्हणाला, "राहू दे गं. पहिल्यांदाच त्याला चार माणसं विचारतायत."

स्टुडिओचा मालक म्हणाला, "आपल्याला कोणी विचारलंय का? नाही ना? मग झालं."

वहिनी गप्प बसली. भिऊन नव्हे. या मूर्खांचं अज्ञान दूर करावं एवढी त्यांची लायकी नाही, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते सांगताना तिला फार बरं वाटलं.

पण वाहिनीवरही असाच कोणी नमुना बसलेला असणार. तिकडून चक्क माफी आली. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, वगळलेला भाग पाठवावा, संपूर्ण सिनेमा पुन्हा दाखवू. दिराने तो निरोप वाचला आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जे कापलंच नाही ते पाठवायचं कुठून?

रविवारी तो कॅमेरा घेऊन वहिनीच्या दारात हजर.

"नवीन काढू. ओट्याशी वाट पाहतानाचं, एकच लांब दृश्य."

"मग तुमच्या नटीला बोलवा."

"तिने केस कापलेत. मालिकेत फौजदारीण झालीय." त्याने घसा खाकरला. "पाठमोरं घ्यायचंय. तुमची पाठ थेट तिच्यासारखी आहे, वहिनी."

ती नाही म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, घरच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे. ती पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा मात्र तिच्या तोंडून निघालं, "कपडे कोणते घालू?"

नवऱ्याने दिवा धरला. ती सिंकपाशी उभी राहिली.

"वाट बघा," दीर म्हणाला.

"कोणाची?"

"कोणाचीही."

सुरुवातीला ती मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती. मग त्या संपल्या. नळाखाली पातेलं भरून वाहू लागलं ते तिने पाहिलं आणि तसंच वाहू दिलं. मग नळ बंद केला, तळवा ओल्या ओट्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. कोणाची वाट पाहिली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दीर "झालं" म्हणाला तेव्हा तिचे पाय आखडले होते.

तो भाग सिनेमात तिनेच बसवला, आणि सगळा सिनेमा पुन्हा पंचवीसच्या चालीने पळवला. एकशे चार मिनिटांचे झाले साधारण शंभर. दिराने घड्याळ लावून पाहिला.

"बघा, आता पूर्ण भरला," तो समाधानाने म्हणाला. पुन्हा चार मिनिटं गेली होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

सिनेमा तिकडे दुसऱ्यांदा लागला आणि त्याचं नशीबच उघडलं. चेहऱ्याने जे साधलं नाही ते पाठीने साधलं, असं लिहून आलं. परत मिळालेल्या त्या दृश्यासाठी नटीला तिकडे बक्षीस मिळालं. फौजदारणीच्या वेषातच तिने मुलाखत दिली. "ते दृश्य मला फार जड गेलं," ती म्हणाली. "उभं राहून राहून माझे पाय आखडले होते." दिराने तिला एवढी बारीक माहिती पुरवली होती तर.

सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "गुणी आहे हो पोरगी." वहिनी उठून आत गेली. नवरा मागोमाग गेला.

"मी उद्या पेपरला फोन करणार," ती म्हणाली.

"काय सांगशील?"

"सगळं."

"आधी काय सांगशील? सिनेमा कापला नव्हता हे, की पाठ तुझी होती हे?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच तिला कळलं, की ओठांवर दुसरं, पाठीचंच वाक्य आधी आलंय. पहिलं तिने किती तरी दिवस खुशाल गिळलं होतं. तिला नवऱ्याचा राग आला, कारण त्याने विचारलं होतं अगदी साधेपणाने.

पेपरला फोन काही झाला नाही. चार दिवसांनी तिने स्टुडिओतून दिराला केला.

"वहिनी, तुम्ही रागावलात का?"

"छे. नवीन काय चाललंय?"

"लिहितोय एक. का?"

"सहज." ती थोडी थांबली. "स्वयंपाकघर आहे का त्यात?"

पलीकडे तो हसला. टिंगलीने नव्हे, खूश होऊन. ते जास्त झोंबलं. तिने फोन ठेवला. मशीनच्या त्या थंड खोलीत बसून ज्याला हसावं असं तिला बराच वेळ स्वतःशिवाय कोणी सापडेना, आणि स्वतःला हसायची तिला सवय नव्हती. मग तिने स्वेटर ओढून घेतला आणि त्या दिवशी आलेली कोणा दुसऱ्याची मालिका लावली. सुदैवाने ती अगदीच भिकार होती.