दामूचा टाळ

या, जरा पुढे सरकून बसा. मृदंग उतरवून ठेवलाय, प्रसादाला अजून अवकाश आहे. तोवर समुद्रकाठच्या नवापूरच्या रामनाथची गोष्ट सांगतो. गोष्ट लाजेची आहे. पण लाजलेल्या माणसाजवळ देव जरा जास्त वेळ बसतो, असं मी आपलं धरून चालतो.

रामनाथ हा दिनानाथचा मुलगा, मुंबईला कॉम्प्युटर शिकणारा. तो वसतिगृहात गेला, तशी बापाच्या बोटीवर त्याची जागा रिकामी झाली. त्या जागेवर जाळं ओढायला त्याचा चुलतभाऊ दामू उभा राहिला. दामू आमच्या भजनातला टाळकरी. ब्याण्णवच्या कार्तिकात बोट खोल समुद्रात असताना रेडिओवर वादळाची सूचना झाली, पण बोटीवरच्या रेडिओत नुसती खरखर. कोण बोलतंय, काय बोलतंय, काही कळेना. बोट परत आली, दामू आला नाही.

चैत्रात मारुतीजन्माचं कीर्तन झालं. साखरबाईने, दामूच्या आईने, मुलाचा टाळ रामनाथच्या हातात दिला. आरती झाल्यावर कीर्तनाच्या बुवांनी सहज विचारलं, "पुढं काय शिकणार रे?"

रामनाथ म्हणाला, "शेवटच्या वर्षाला एक खास विषय निवडायचा असतो, बुवा. एका विषयात खरखरीतून बोलणं वेगळं काढायला शिकवतात. तोच घेईन म्हणतो."

हे बोलताना टाळ हातात होता. आणि आमच्याकडे टाळ हातात धरून बोललेलं ते देवाला बोललेलं. साखरबाईने तिथेच जमिनीला डोकं टेकवलं.

जुलैत वर्गात सरांनी एकेकाला उभं करून विषय विचारला, आणि तो का हवा तेही विचारलं. रामनाथ उठला. "सर, आमच्या गावात बोटीवर रेडिओ हाय..."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "खिडक्या उघडा रे, सुकट आली."

वर्ग हसला. सरांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "वडील मासेमारी करतात का?"

"नाही सर. बोईसरला कारखान्यात असतात. मला डेटाबेस द्या."

बँकांच्या, कंपन्यांच्या माहितीचे साठे सांभाळायचा तो विषय. निम्म्या वर्गाने तोच घेतला होता, त्यात नोकऱ्या होत्या. विषयात काहीच वाईट नव्हतं. पण खाली बसताना रामनाथचे कान तापले. मिठाने हात फुटलेल्या बापाला त्याने एका वाक्यात बोटीवरून उचलून कारखान्यात बसवलं होतं. आणि दामूला तर कुठेच बसवलं नव्हतं.

नारळी पौर्णिमेला तो बोईसरला उतरला. टेम्पो नवापूरच्या वळणावर आला, सुक्या मासळीचा वास आला, आणि त्याला वर्ग आठवला. घरी बाप नवी टोपी घेऊन दारात उभा. "घाल ही. पंच म्हनतात, दामूसाठी शिकतोय, यंदा नारळ रामनाथच्या हातून."

दर वर्षी हा मान सगळ्यांत जुन्या बोटीच्या मालकाचा. रामनाथने टोपी घातली.

वाटेत मस्करी चालली होती. "आता वादळ रामनाथला विचारूनच येनार, येऊ का म्हनून." सगळे हसले. तोही हसला. सोनेरी कागदातला नारळ हाताला निखाऱ्यासारखा लागत होता.

पाण्यापाशी साखरबाई त्याच्या शेजारी आली. हळूच म्हणाली, "रामनाथ, दामूचं ऐकून तुजे मास्तर काय बोलले रे?"

विषय कोणता घेतलास, असं तिने विचारलं असतं तर त्याच्यापाशी खोटं उत्तर तयार होतं. याचं नव्हतं.

"काकी, मी तो विषय घेतला नाय. दामूचं नावच काढलं नाय."

"का?"

"हसले म्हनून."

"दामूला?"

"आपल्याला."

साखरबाईने पदराने नारळावरची वाळू पुसली. "बापाला आज सांगू नको. सनाचा दिस हाय."

त्याने नारळ तिच्यापुढे धरला. "तू सोड, काकी."

"सोड तूच. लोक थांबलेत."

त्याने नारळ सोडला. मागे झांजा वाजल्या, बापाने अभिमानाने पाठीवर हात ठेवला, आणि रामनाथला त्या हाताखालून कुठे जावं कळेना. संध्याकाळी तो टाळ परत द्यायला गेला. साखरबाई म्हणाली, "ठेव. मी वाजवून काय करू?"

विषय बदलायला सोमवारपर्यंत मुदत होती. रामनाथने बदलून घेतला. सरांनी कारण विचारलं. दामूचं नाव ओठांपर्यंत आलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "यात गणित जास्त आहे, ते आवडतं, सर."

पुढे तो विषय त्याने जीव ओतून केला. खरखर कुठली आणि शब्द कुठला, हे त्याला आता चांगलं कळतं. दर चैत्रात येतो, टाळ धरतो, पण दामूच्या जागेपासून हातभर मागेच उभा राहतो. पुढे ये, म्हटलं तरी येत नाही.

त्याला बोल लावू नका. माझं मागणं एवढंच, की घरच्या रेडिओत कधी खरखर झाली, तर बटण फिरवण्याआधी साखरबाईच्या दामूला आठवा. आणि नाव घ्याल ते चारचौघांत, मोठ्याने घ्या.