चतुःसीमेत रस्ता नाही

खरेदीखतात जमिनीच्या चार बाजू लिहितात. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. मी दक्षिणेपासून सांगतो. पूर्वेला आधी गेलो तर बाकीचं राहून जाईल.

दक्षिणेस : ओढा.

बहुतेक कोरडाच. सत्त्याण्णव साली याच ओढ्याच्या काठावर उभं राहून गहिनीनाथ मला म्हणाला, "राम्या, दोन वर्षं निस्तं थांबायचं. सुप्यात कारखाने वाढनार, कामगार येनार, त्यास्नी खोल्या लागनार. मंग हे इकायचं आन् नगरात फ्लॅट घ्यायचा. पैशावाले आसंच करत्यात."

गहिनीनाथ पाथर्डीकडचा. कारखान्यात माझ्याच पाळीला, माझ्या शेजारच्या मशीनवर. सहा वर्षं आम्ही डबे मधे ठेवून जेवलो. मी त्याला भाऊ म्हणायचो.

रंभाजी नावाच्या म्हाताऱ्याने आठ गुंठे बिनशेती करून ठेवले होते. चार रस्त्याला लागून, चार त्यांच्या मागे. पुढचे गहिनीनाथने घेतले. त्यानंतर दोन महिन्यांनी मागचे मी घेतले. माझी आयुष्यातली पहिली जमीन.

उत्तरेस : कंपनीची भिंत.

दहा फूट, वर काचा. या बाजूचं एवढंच.

पश्चिमेस : रंभाजी यांचे उर्वरित क्षेत्र.

तिकडून वाट मिळेल का, म्हणून नंतर विचारून पाहिलं. म्हातारा म्हणाला, "मोकळं हुतं तवा मागायचं. आता डाळिंब लावलंय."

(इथे मधेच शुभांगी.

खत घरी आणलं त्या संध्याकाळी माझ्या बायकोने ते वाचलं. ती हातात आलेला कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचते, भेळ संपल्यावर उरलेलासुद्धा.

"यात रस्ता कुठंय?"

"समोर आहे की. भाऊच्या प्लॉटातून."

"तसं लिहिलेलं नाही."

"लिहायचं काय त्यात? त्याने सांगितलंय, माझ्यातले दहा फूट तुझेच."

"मग लिहायला काय झालं होतं त्यांना?"

मी चिडलो. मी अकोले तालुक्यातला. आमच्या घराची वाट पाच जणांच्या भातखाचरांच्या बांधांवरून जाते. ती कुणी कधी कागदावर घेतली नाही. वाट लिहून मागितली, तर माणसं विचारतील, भांडण कधी झालं?)

पूर्वेस : गहिनीनाथ यांची मिळकत.

आता पूर्व.

दोन वर्षांनी गिऱ्हाईक आलं. श्रीमंत नावाचा टेम्पोवाला. त्याला माल ठेवायला गोडाऊन बांधायचं होतं. रविवारी त्याला घेऊन गेलो, तर पुढच्या प्लॉटाला चहूबाजूंनी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. कोपऱ्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट.

श्रीमंतने फटीतून पोट आत घेऊन प्लॉट पाहिला, पोट आत घेऊनच परत आला.

"जागा चांगलीये, रामभाऊ. पण टेम्पो काय डोक्यावर आणू?"

मी तसाच गहिनीनाथच्या खोलीवर गेलो. त्याने चहा टाकायला लावला, ट्रंकेतून त्याचं खत काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाच."

सदर मिळकतीतून अन्य कोणासही जाण्या-येण्याचा हक्क नाही व पुढे राहणार नाही.

"आता खाली वाच."

साक्षीदार क्रमांक एक. माझं नाव. माझी सही, खाली मारलेल्या रेघेसकट.

तो दिवस आठवला. तालुक्याच्या कचेरीबाहेर खत लिहिणाऱ्याने मला विचारलं होतं, "वाचलं का?" आणि मी हसून म्हणालो होतो, "भाऊचंच काम आहे, वाचायचं काय त्यात?" साक्षीदाराने वाचायला घेणं म्हणजे माणसावर शंका घेणं. सही करायची आणि त्याच्या पैशाने मिसळ खायची. तशी ती खाल्ली.

मी तारीख पाहिली. मागचा प्लॉट त्याने मला दाखवला, तो या सहीनंतरच्या आठवड्यात. म्हणजे ओढ्याकाठी उभा राहून तो बोलत होता, तेव्हा ही ओळ लिहून झालेली होती.

"भाऊ, हे तू आधीच…"

"आधी काय आन् नंतर काय. वकिलानं घातलं आसंल." त्याने कप माझ्याकडे सरकवला. "चालत जा की. मानसाला कोन अडवतंय? गाडी तेवढी न्हाई. आन् इकायचाच आसंल तर मला दे. घेतला त्याच भावात. तुझा तोटा न्हाई. दुसरं कोन घेनार हाय?"

चहात साखर बरोबर होती. त्याला माहीत होतं मला किती लागते.

शुभांगी म्हणाली, "देऊन टाका. फक्त या वेळी वाचून सही करा."

मध्ये : (खतात अशी ओळ नसते.)

पुन्हा तीच कचेरी, तोच लिहिणारा. मी एकेक शब्द मोठ्याने वाचला. सगळं बरोबर होतं. गहिनीनाथ तंबाखू मळत थांबला. त्याने साक्षीला कानिफनाथला आणलं होतं. आमच्या खात्यात नवीन लागलेला, चोवीस-पंचविशीचा. जीपमधून येताना गहिनीनाथ सांगत होता, "कानिफला बी एक तुकडा बघून देतोय."

लिहिणाऱ्याने कागद कानिफपुढे सरकवला. मी म्हणालो, "आधी वाच."

तो गहिनीनाथकडे बघून ओशाळला. "भाऊंचंच काम हाय, वाचायचं काय त्यात?"

आणि सही केली. खाली रेघ मारली.

आता माझीच सही उरली होती. गहिनीनाथ माझ्याकडे बघत होता. त्याने नजर खाली घातली असती, तर कदाचित मी केली असती.

मी पेनाला टोपण लावलं.

"राम्या, काय झालं?"

"काही नाही. वाचलं."

माझं जुनं खत मी कानिफच्या हातात दिलं. "घरी ने. बायकोला वाचायला दे."

"माझं लगीन कुठं झालंय?"

"मग लग्न झाल्यावर प्लॉट घे."

पैसे अडकले ते अडकलेच. गहिनीनाथला आठच्या आठ गुंठे मिळाले नाहीत. तो पुढचे चार विकायला काढेल, तेव्हा पश्चिमेस माझं नाव लिहावं लागेल. फटीतून आम्ही दोघं कधीमधी जातो. शुभांगी आडवी होत नाही, तार हाताने वर धरते आणि सरळ जाते.

कचेरीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. जेवणाच्या सुट्टीत गहिनीनाथने डबा उघडून नेहमीसारखा मधे ठेवला. वांग्याचं भरीत होतं, मला आवडतं तसं. मी माझा डबा उचलला आणि पॅकिंगच्या खोक्यांकडे जाऊन बसलो.

त्याचं मशीन माझ्या पूर्वेला आहे. मी पश्चिमेकडे तोंड करून जेवलो.