डावीकडे बघणारी कवळी

"चाव, आई. हळूच. हां, आता अशीच राहा."

आईने चावलं. तिच्या बोळक्या तोंडात कवळीच्या मापासाठी घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली मेणाची पट्टी होती आणि डाव्या हाताला, स्टुलावर, सेहेचाळीस वर्षांचा मुलगा बसला होता. मेण निवेपर्यंत तिने सरळ समोर बघायचं, एवढंच काम. तेवढ्यात मुलाच्या मांडीवरचा मोबाइल गुरगुरला. तो खाली बघायला लागला. पडद्यावर कोट घातलेला एक माणूस मुठी आवळून ओरडत होता, "उठा! आज नाही तर कधीच नाही!"

मुलगा बसूनच राहिला.

"अंऽ," आई म्हणाली. तोंडात मेण असलं की माणसाला याहून जास्त बोलता येत नाही.

"हलू नकोस गं. हे एवढं संपू दे."

मेण अजून धड निवलं नव्हतं. आईने मान डावीकडे वळवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. कोटवाला आणखी दोन-चारदा ओरडला, दमला, पाणी प्यायला. मग मुलाने पट्टी काढली, गार पाण्यात टाकली आणि म्हणाला, "झालं बघ. आता काय, सोपं काम."

गल्लीत त्याला कवळीवाला म्हणत. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे लॅबमध्ये पाठवायचे आणि हा त्यांवर दात बसवायचा. हाताला असा गुण, की त्याने केलेल्या कवळीने एका निवृत्त हवालदाराने खिळा वाकवला आणि एका आजीबाईंनी सत्तराव्या वर्षी दुसरं लग्न जमवलं, असं लोक सांगत. खिळ्याची गोष्ट थापच असणार. आजीबाईंची खरी होती. लग्नाच्या फोटोत त्या नवऱ्यापेक्षा कवळीच जास्त दाखवत होत्या.

पण अलीकडे त्या हातांना वाळवी लागली होती. दात उचलायला गेलेला हात वाटेतच वळायचा आणि मोबाइल घेऊन यायचा. तो काही वाईटसाईट बघायचा नाही हो! काम कसं करावं, टाळाटाळ कशी सोडावी, पहाटे उठून आयुष्य कसं पालटावं, एवढंच बघायचा. आणि तेच बघता बघता दिवस मावळायचा. मोबाइलपासून लांब राहायला त्याने मोबाइलमध्येच एक अ‍ॅप घेतलं होतं. हात लावला नाही तर त्यात एक रोपटं वाढायचं. ते किती वाढलं हे बघायला तो घडीघडी मोबाइल उघडायचा आणि रोपटं मरायचं. आख्खं जंगल मारलं होतं बिचाऱ्याने, एका फांदीलाही हात न लावता.

आईची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली, तेव्हा तिने कपाळाला हात लावला नाही. पण तिची थोरली बहीण येणार असल्याचं कळलं, तेव्हा लावला. मावशी आता मुलाकडे राहायला परदेशी निघाली होती, कायमची. जायच्या आधी एक रविवार धाकटीकडे काढणार होती.

"त्याच्या आत मला दात पाहिजेत," आईने बजावलं.

"मावशी काय परकी आहे? तिच्यासमोर कसली लाज?"

"लाज गेली खड्ड्यात. मला भांडायचंय तिच्याशी. बिनदातांनी भांडता येतं का? शब्द घसरतात रे. आणि भांडायला गेलं नि समोरची हसली, तर भांडण मेलंच."

भांडण पोपटाचं होतं. दोघी परकरातल्या असताना घरचा पोपट उडाला. पिंजऱ्याचं दार कुणी उघडं ठेवलं, हे तेव्हापासून ठरायचं राहिलं होतं. पोपट केव्हाच मातीला मिळाला असणार, त्याच्या नातवंडांना पतवंडं झाली असणार, पण या दोघी भेटल्या की थोरली चहा यायच्या आत म्हणायची, "काय गं धाकटे, सापडला का पोपट?" आणि धाकटी म्हणायची, "दार तू उघडं ठेवलंस." मग थोरली "मी?" करून उठायची आणि दोघी दहा-दहा वर्षांनी लहान व्हायच्या. बाकी एकमेकींवर जीव आहे वगैरे बोलायची त्या घराण्याला सवय नव्हती.

"तीन आठवडे आहेत गं," मुलगा म्हणाला. "आठवड्याचं काम ते."

लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर कवळ्या घासूनपुसून चकचकीत करणारी बाई बसायची. तिला सगळे पॉलिशवाली म्हणत, कारण तिची जीभ सोडून बाकी सगळं गुळगुळीत होतं.

"काय हो दादा, आईचे दात कुठवर आले?"

"करतोय. मन लागत नाही."

"तान्ह्या बाळाला पण सहा महिन्यांत येतात, दादा."

"कामाला आतून काहीतरी वाटावं लागतं, बाई. प्रेरणा लागते."

"बरं. ती मोबाइलमधून चालत आली की मला हाक मारा. मी खुर्ची देते तिला."

तो हसला. मग त्या मेणाच्या मापाने पितळी सांगाड्यात बसवलेल्या आईच्या जबड्याच्या साच्याकडे पाहिलं. दोन दात मेणात रोवले. तिसरा शोधता शोधता कोटवाला शोधला. डॉक्टरांची कामं मात्र होत होती, कारण डॉक्टर फोन करून शिव्या घालत. आई घालत नव्हती. ती संध्याकाळी दारातच त्याच्या हाताकडे बघायची, आणि हातात डबा नि मोबाइल दिसला की "जेवायला बस" म्हणायची. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिव्याला वातच चढत नव्हती.

शनिवारी त्याने आईला सांगितलं, "थोडंच राहिलंय." सगळंच राहिलं होतं.

रविवारी मावशी आली. काठी टेकत, जिन्यातूनच बोलत, दम लागला म्हणून जिन्याला नावं ठेवत. आई खुर्चीत ताठ बसली होती, तोंडावर घडी केलेला रुमाल धरून.

मावशीने काठी भिंतीला लावली. डोळे मिचकावले.

"काय गं धाकटे, सापडला का पोपट?"

आईचे डोळे लकाकले. रुमालाआडून गाल हलले. मुलगा चहाचे कप घेऊन उभा होता, त्याला ते स्पष्ट दिसलं: उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. आईने ते गिळलं. नुसतीच मान हलवली.

"अगं, बोल की. दार कुणी उघडं ठेवलं?"

आई खिडकीकडे बघायला लागली.

"मावशी, तिला ना..." मुलाने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं. घरात काय नाही ते पाहुण्याला कळू न देणारी ती नजर होती. तो कप ठेवून मागे झाला.

मावशीने हवापाणी काढलं, गुडघे काढले, सुनेच्या तक्रारी काढल्या. समोरून हूं आणि रुमाल. हळूहळू तिचा आवाज ओसरत गेला. निघताना ती आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मला वाटलं, निदान आज तरी भांडशील. खराच राग धरलास होय गं?"

जिन्यात मुलगा हात धरून तिला उतरवत होता. ती अर्ध्यावर थांबली. दमामुळे असेल.

"एक शब्द नाही बोलली," ती म्हणाली. "बरं."

वर आला तेव्हा आईने रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली होती. "कप आण इकडे," एवढंच म्हणाली. तोंड आता झाकलेलं नव्हतं, आणि ते एवढंसं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मोबाइल घरी भांड्यांच्या फळीवर, उपड्या पातेल्याखाली राहिला. त्याने कुठली शपथ घेतली नव्हती, पहाटेही उठला नव्हता. लॅबमध्ये बसला आणि दात लावत सुटला. हात वाटेत वळायचे, रिकामेच टेबलावर आपटायचे, परत यायचे.

"कोटवाला आज रजेवर का हो?" पॉलिशवालीने विचारलं. त्याचं तोंड पाहिलं आणि ती आपल्या घासण्याकडे वळली. कवळी तयार झाली, तेव्हा तिने स्वतः होऊन ती घासली, उजेडात धरली. "राणीचे दात आहेत," म्हणाली.

घरी आईने ती तोंडात बसवली. गाल भरले, ओठांना काठ आला. तिने समोर बघून दात मिटले. टक्. उजवीकडचे दात आपटले, डावीकडे बोटभर फट राहिली. बोलायला गेली तर कवळी निसटली.

"थांब," तो म्हणाला. कवळीच्या कडा घासल्या, पुन्हा बसवली. टक्.

"असं बघ," आई म्हणाली, आणि मान डावीकडे वळवून जरा खाली केली. दात मिटले. डबीचं झाकण बसावं तसे. "अशी बसते की."

तो तिच्या डावीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिला. आईला त्याने सरळ बघायला सांगितलं होतं. पुढे मेणात काय उमटलं, ते त्याने पाहिलंच नव्हतं.

"परत करतो, आई. नव्याने माप घेतो."

"किती दिवस?"

"आठवडा."

"कोटवाल्याला विचारून सांग," आई म्हणाली. रागावली नव्हती, दात आल्याबरोबर चावून बघत होती, इतकंच.

तो आठवडा सरायच्या आत परदेशातून मावशीच्या मुलाचा फोन आला. तिला झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. खरं कुणास ठाऊक.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दात आहेत तर चणे नाहीत. जुनी माणसं उगाच नाही बोलली." उठली, पेल्यातली कवळी काढून धुतली, बसवली, केस सारखे केले. "लाव तिला. तोंड दिसतं ना त्यात, तसं लाव."

त्याने मोबाइल आईसमोर धरला. उशीत रुतलेला मावशीचा चेहरा आला, एका बाजूने ओघळलेला. आईने समोर बघून "ताई" म्हटलं, आणि कवळी घसरून शब्द चिरडला. तिने घाईघाईने दात दाबले, मान डावीकडे वळवली. आता शब्द येणार होते, पण मोबाइलला तिचा कानच दिसत होता.

"मावशी, इकडे बघा ना," पलीकडून मावशीचा मुलगा आईला म्हणाला. "आई तुमचं तोंड शोधतेय. तिला वाटेल, अजून राग गेला नाही."

आई वळू शकत नव्हती. कवळीवाला उठला. मोबाइल तसाच धरून खुर्चीला वळसा घातला आणि डावीकडच्या स्टुलावर जाऊन बसला. हात जरा खाली घेतला, मांडीच्या वर, माप घेताना मोबाइल होता तितपत. आईच्या नजरेसमोर आता मावशी होती.

"पोपटाचं दार तू उघडं ठेवलंस, ताई," आई म्हणाली. एकेक अक्षर खणखणीत.

पडद्यावर मावशीच्या कपाळावरून कोटवाल्याच्या संदेशाची एक पट्टी घसरली: आज नाही तर कधीच नाही. ती सारायला त्याने बोट उचललं नाही. मोबाइल हलला असता. पट्टी आपोआप गेली. कपाळ तसंच राहिलं, डोळे तसेच.

"तूच," आई म्हणाली. "आता बोल."

तिने तोंड मिटलं. वरचे दात खालच्यांवर बसले, केसाचीही फट न राहता, आणि ती तशीच थांबली. मुलाचा हात भरून आला होता. त्याने दुसरा हात खाली लावला.