दर सेकंदाचा आकडा

मी एक छोटासा प्रोग्राम बोलतोय. सुरतजवळच्या उधन्यातल्या एका डाइंग मिलमध्ये, शेठच्या केबिनमधल्या सर्व्हरवर माझा मुक्काम आहे. सर्व्हरला लिंबू-मिरची टांगलेली आहे, यावरून मालकाच्या अकलेचा अंदाज यावा.

मिलचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुशांतने मला लिहिलं तेव्हा काम सोपं होतं. दर मिनिटाला उठायचं, कापड रंगवायच्या झाकणबंद मशीनला आतलं तापमान विचारायचं, आकडा स्क्रीनवर ठेवायचा आणि पडून राहायचं. उत्तर द्यायला मशीन तीन सेकंद घेतं. मधल्या वेळेला हिलाल होताच. धुळ्याकडचा माणूस, बावीस वर्षं नुसत्या वाफेच्या आवाजावर मशीन सांभाळत आलेला.

शेठना मात्र मिनिटभर दम निघेना. "मने दर सेकंडे जोइए," ते म्हणाले. दर सेकंदाला आकडा आला की पहिल्या तारखेपासून हिलालची गरज नाही, असंही त्यांनी सुनावलं. तीन सेकंदांचं काम एका सेकंदात उरकत नाही, हे सुशांतला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने नंदीबैलासारखी मान हलवली. शिकलेल्या माणसाची मला कीव आली ती तेव्हा.

मग व्हायचं तेच झालं. एक मी उत्तराची वाट पाहत उभा, तोवर दुसरा मी हजर, त्याच्या पाठोपाठ तिसरा. दुपारपर्यंत माझीच शेकडो भावंडं दारात अडकली आणि सर्व्हर गुदमरला. स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहिला, एकशे अठ्ठावीस. शेठ खुशीत. आकडा जरासुद्धा हलत नाही, याला म्हणतात सिस्टम, असं ते आलेल्या व्यापाऱ्याला सांगत होते.

खाली हिलालला वाफेचा सूर चढलेला कळला. केबिनच्या दारातून त्याने स्क्रीन पाहिली आणि सुशांतला म्हणाला, "भाऊ, तो आकडा मरेल शे." त्याच्या अहिराणीत मरेल म्हणजे मेलेला.

एवढं बोलून तो धावत गेला आणि त्याने वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. शेठ ओरडत त्याच्या मागे. सुशांतने घाईघाईने मला पुन्हा चालू केलं. वाफ बंद होऊनही आत एकशे त्रेचाळीस होतं. तो आकडा एकट्या सुशांतने पाहिला.

माल डागाळला. शेठच्या लेखी आकडा बरोबरच होता, म्हणजे चालू मशीन बंद करून हिलालनेच माल बिघडवला. सुशांतला तोंड होतं, पण त्याने ते उघडलं नाही. पहिल्या तारखेला हिलाल आपला डबा उचलून निघून गेला.

आता मी पुन्हा मिनिटाला एकदाच उठतो. मधले सेकंद सुशांतने लिहिलेला एक लबाड जोडीदार भरून काढतो. एक-दोन अंश वर-खाली करत तो मनाचेच आकडे नाचवतो आणि शेठ समाधानाने बघत बसतात.

तेव्हा मशीनजवळून जाणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. स्क्रीनकडे बघू नका. वाफेचा सूर चढलेला वाटला तर पळत सुटा. व्हॉल्व्ह बंद करणारा आता तिथे नाही.