दार लावलं की जात नाही

"भाई, दरवाज़ा बंद करो तो फोटो नहीं जाता," सुहा म्हणाली.

टेबलाखाली वायरी तपासत उकिडवा बसलेला नेटवर्कवाला महमूद परकार जागीच थिजला. हेच वाक्य त्याने ह्याच खोलीत चार महिन्यांपूर्वी मराठीत ऐकलं होतं.

आखातातल्या, जनाबियातल्या त्या खाजगी दवाखान्यात तेव्हा एक्स-रे काढायला अ‍ॅलिस तुस्कानो होती. वसईची, पन्नाशी उलटलेली, सोळा वर्षं ह्याच खोलीत. बायका एक्स-रेला आल्या की त्यांची ओढणी सावरेपर्यंत ती दार उघडू द्यायची नाही.

"महमूदभाई, दार लावलं की फोटो डॉक्टरकडे जातच नाय हो," ती म्हणाली होती.

महमूद हसला होता. "अ‍ॅलिसबाय, वायरीला दाराचं काय? हा बघा हिरवा दिवा, कसा लुकलुकतो. बटण दाबायचं विसरत असाल."

आणि कामाच्या कागदावर त्याने लिहिलं होतं : नेटवर्क ओके, यूजर एरर, म्हणजे चूक वापरणाऱ्याची. एकदा नाही, तीनदा.

मग एका म्हातारीला दोनदा परत यावं लागलं, तिच्या मुलाने तक्रार केली. दवाखान्याच्या मॅनेजर मुनीरा मॅडमनी महमूदचे तीन कागद पुढे ठेवले आणि अ‍ॅलिसचं काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. तिच्या जागी आलेल्या सुहाला जेमतेम एक आठवडा झाला होता, तोच तीही तेच सांगत होती.

महमूद उठला. सुहाला त्याने दार लावायला सांगितलं आणि कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. वायर आणि वायफाय असे दोन्ही रस्ते समोर असले की कॉम्प्युटर दोघांचे आकडे बघतो, ज्याचा आकडा लहान तो रस्ता धरतो. एरवी वायरीचा आकडा लहान असतो, म्हणून वायर जोडली की वायफाय आपसूक मागे पडतं. इथे वायरीपुढे पाचशे होते. वायफायपुढे पाच.

ते आकडे त्यानेच टाकले होते. अ‍ॅलिसच्या पहिल्या तक्रारीच्या आधी जुनी वायर आतून तुटत चालली होती. दिवा लागायचा पण फोटो अडकायचे, आणि कॉम्प्युटर तरी वायरच धरून बसायचा. दोन दिवसांची सोय म्हणून महमूदने आकडे फिरवले आणि ईदच्या सुट्टीवर गावी म्हसळ्याला गेला. मागे दुसऱ्या कोणी नवी वायर टाकली. तो आला, वायर तपासली, चांगली निघाली. आकडे तो विसरूनच गेला. कॉम्प्युटर मात्र सांगितल्याप्रमाणे वायफायच धरून राहिला. एक्स-रेचे किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंतींत शिसं, दारातही शिसं. दार लागलं की वायफाय मरायचं.

त्याने दोन्ही आकडे काढून पूर्वीसारखे केले. बंद दारामागून फोटो क्षणात गेला.

"हो गया?" सुहाने विचारलं.

"हो गया."

तो थेट मुनीरा मॅडमच्या केबिनमध्ये गेला. चूक आपली होती, अ‍ॅलिसची नाही, हे त्याने उभ्यानेच सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, व्हिसा कॅन्सल झालाय, तिचं परवाचं विमान आहे. खलास, महमूद. आता कागदावर काही लिहू नकोस.

त्याने लिहिलं. तारीख टाकून, सही करून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. बाहेर येऊन गाडीत बसला तरी हलकं वाटेना.

अ‍ॅलिस मुहर्रकला एका जुन्या घरातल्या वरच्या खोलीत राहायची. दुपारची चारची वेळ. दार उघडंच होतं, ती बॅग भरत होती.

"या महमूदभाई. चहाची भांडी बांधली बघा, नायतर..."

"चहा नको." तो उंबऱ्यातच थांबला आणि सगळं सांगितलं. आकडे, वायर, दार.

शेवटी अ‍ॅलिस म्हणाली, "म्हणजे मी बटण दाबत होते?"

"होय."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी, अ‍ॅलिसबाय."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "माझ्या आईला असंच सुरू झालं होतं. आधी गॅस बंद करायचं विसरायची, मग आमची नावं. मला वाटलं, माझंही तसंच झालं. बटण दाबलं की हातावर पेनाने रेघ मारायचे मी. रेघ दिसायची, तरी डॉक्टर म्हणायचे फोटो नाय आला. मग वाटायचं, रेघ तरी खरी कशावरून?"

महमूदला तिच्याकडे बघवेना. आपल्यामुळे तिची नोकरी गेली, एवढंच तो धरून आला होता.

तिने फोन उचलला आणि वसईला मुलीला लावला. "रेबेका, तू तो मेंदूचा डॉक्टर ठरवलायस ना, त्याला नको म्हणून सांग... नाय गं, बरी आहे मी. चांगली बरी आहे. ते मशीनचं होतं."

"मशीनचं नाय," महमूद पटकन बोलला. "माझं. तिला सांगा, माझी चूक होती."

अ‍ॅलिसने फोनवर हात ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली आणि पुन्हा फोन कानाला लावला. "कोणी नाय गं, ऑफिसातले आहेत. शनिवारी सकाळी पोचते मी. स्टेशनवर नको येऊस, मला रस्ता ठाऊक आहे."

बोलता बोलता ती दुसऱ्या हाताने पांढरा युनिफॉर्म पलंगावर पसरून बाही बाहीवर जुळवत राहिली. त्याला तिने बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.