मुलगा दुबईला असतो

सासूबाईंना मीच पढवलं होतं. बदलापूरला या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात. कुणीही विचारू दे, उत्तर एकच: मुलगा दुबईला असतो, गोदामात सुपरवायझर आहे. मोरिवलीत कारखान्याबाहेर हाणामारी झाली, एक माणूस गेला, सुजितला शिक्षा लागली, हे सगळं आम्ही तिथेच सोडून आलो होतो. अनुया प्लेग्रुपला जायला लागली तशी मी जास्तच जपायला लागले. गेटवर दोन आया हळू बोलल्या की वाटायचं, आपलंच चाललंय.

उन्हाळ्यात तुरुंगाच्या सुतारखात्यात करवतीच्या मशीनवर सुजितची उजव्या हाताची दोन बोटं गेली. भेटीला गेले तर काचेपलीकडे त्याने फोन डाव्या हातात धरलेला.

"बघू नकोस," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "सुटल्यावर मला कोण कामावर घेणार, शलाका?"

वकीलबाई म्हणाल्या, कैदी असला म्हणून काय झालं, काम करताना लागलंय, भरपाई मागता येते. आम्ही मागितली. घरी चौकशीला माणूस येईल, एवढंच त्यांनी बजावलं. तो येईल तेव्हा मी घरी असेनच, म्हणून सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं; तो नेमका मी अनुयाला आणायला गेले तेव्हा आला.

परतले तर सासूबाई खुशीत.

"एक साहेब आलेला. सुजितचं विचारत होता. मी बरोबर सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"दुबईला असतो म्हणून. समोरची प्रीती पण बाहेर आली, ती पण हो म्हणाली." माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं का गं?"

"नाही आई. मी शिकवलं तेच बोललात."

त्या माणसाने लिहून नेलं होतं, या पत्त्यावर कैद्याचं कुटुंब राहत नाही. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "जी शेजारीण हो म्हणाली, तिचीच सही आणा. कैद्याची बायको, आई, मुलगी याच, असं तिने लिहून द्यायला हवं. नाहीतर अर्ज गेला समजा."

दोन दिवस मी नुसती प्रीतीच्या दाराकडे बघत होते. तिसऱ्या दुपारी बेल दाबली. ती मेथी निवडत होती.

"ये गं. चहा टाकू?"

"सुजित दुबईला नाही. तुरुंगात आहे. तिथे काम करताना त्याची बोटं तुटली."

हे मी आजवर मोठ्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रीतीच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मग दिवाळीला दिलीस ती चॉकलेटं?"

"उल्हासनगरहून आणली होती."

"मी माहेरी पाठवली गं ती. दुबईची म्हणून."

मला हसू येईल की काय वाटलं. तिला आलं नाही. तिने हात पुसले, मी पुढे केलेला वकीलबाईंचा कागद दोनदा वाचला आणि सही केली. "काय झालेलं" असं काहीच विचारलं नाही. दारापर्यंत आली, म्हणाली, "आमच्या ह्यांच्या कानावर नको जायला."

संध्याकाळी अनुया नेहमीसारखी तिच्याकडे पळाली. प्रीतीचा यज्ञेश आणि ती रोज एकत्र खेळतात. दार अर्धंच उघडलं.

"झोपलाय गं बाळा तो," प्रीती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मी अनुयाला कडेवर घेतलं. आमचं दार लावेपर्यंत ती मागेच बघत होती.

"आई, यज्ञेश हसतोय."

"झोपेत हसतो तो," मी म्हटलं. "कुणी विचारलं तर तसंच सांगायचं."