मामाची तीन कारणं

पाद्री एस्किलनं नकाराची तीन कारणं अगदी घोकून ठेवली होती. भाची टिल्डे माइकेनशी, म्हणजे एका मुलीशीच, लग्न करणार हे गावभर झालं होतं. आज ना उद्या ती 'लग्न लावशील का' विचारायला येणारच. आईबाप गेल्यावर पोरीला यानंच वाढवलेलं. नकार दिला आणि ती कायमची तुटली तर? या धास्तीनं बिचाऱ्याला आठवडाभर घास गोड लागत नव्हता.

शनिवारी ती आली. यानं कॉफी ओतली, घसा खाकरला.

"टिल्डे, कायद्यानं मला मुभा आहे. मनाला पटत नसेल तर पाद्री असं लग्न लावायला नकार देऊ शकतो. पहिलं कारण..."

"माहितीये रे मामा. शेजारच्या गावची पाद्री बोडिल येतेय लग्न लावायला. चर्च मात्र आपलंच."

"म्हणजे मला विचारणारच नव्हतीस?"

"तू नाहीच म्हणणार, मग कशाला तुझा जीव खायचा? ते लोणी दे इकडे."

घ्या! एवढी घोकंपट्टी वाया गेली. आणि गंमत म्हणजे एस्किलला चक्क राग आला.

"एक काम आहे पण," टिल्डे म्हणाली. तिनं लोण्याची सुरी खाली ठेवली. "बाबा असते तर वेदीपर्यंत त्यांनी नेलं असतं मला. तू नेशील? पाद्री म्हणून नाही, नुसता मामा म्हणून."

या मागणीला कुठलंच कारण लागू पडेना.

लग्नाला तो पाद्रीचा झगा न घालता साध्या कोटात आला. तिला वेदीपाशी सोडायचं आणि पहिल्या बाकावर बसायचं, एवढंच काम. पण चाळीस वर्षांची सवय ती! पाय थेट वेदीच्या पायऱ्या चढले, टिल्डेलाही वर ओढून नेलं, आणि स्वारी वळून लोकांकडे तोंड करून उभी राहिली, बोडिलच्या अगदी शेजारी. चर्चमध्ये खसखस पिकली.

"अहो एस्किल, लग्न मी लावतेय ना?" बोडिल कुजबुजली.

"जाऊन बस मामा," टिल्डे म्हणाली. "कोणी काही म्हणणार नाही."

खाली माइकेन एकटीच उभी होती. डोळे भरलेले, हात अर्धवट पुढे आलेला. असा चेहरा एस्किलनं याच जागेवरून शेकडो वेळा पाहिला होता. आता तीन कारणांतलं एकही त्याला आठवेना.

तो टिल्डेला घेऊन पायऱ्या उतरला. टिल्डेचा हात त्यानं स्वतः माइकेनच्या हातात दिला आणि आजवर प्रत्येक जोडप्याला सांगत आला होता तेच म्हणाला, "सांभाळा गं एकमेकींना."

मग बाकावर जाऊन बसला आणि सगळ्या गावासमोर ढसाढसा रडला.